परवाना कागदाचा, जबाबदारी कोणाची?



दारूच्या बाबतीत आम्हाला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला प्रश्न साधा असतो, "फादर, दारू पिणे पाप आहे का?" दुसरा थोडा हुशारीचा असतो, "फादर, विकायला सरकारनेच परवाना दिला आहे, कर भरला जातो, सगळे कायदेशीर आहे. मग त्यात चुकीचे काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकत आलो आहोत. दुसऱ्यावर मात्र क्वचितच कोणी थांबून विचार करतो. हंगामात शनिवार-रविवारी दिवेआगरच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा हा दुसरा प्रश्न आपल्या अंगणापर्यंत येतो. म्हणून आज त्यावरच विचार करू या.

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देऊन टाकू. ख्रिस्तसभेने द्राक्षारसाला कधी अपवित्र म्हटलेले नाही. काना गावच्या लग्नात प्रभू येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. संत पौलाने आजारी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगितले. दररोजच्या पवित्र मिस्सात वेदीवर द्राक्षारसच असतो, आणि तो द्राक्षांचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. म्हणजे वस्तू वाईट नाही. देवाने दिलेली बुद्धी पेल्यात बुडवणे, घरच्यांच्या तोंडचा घास त्या पेल्यात ओतणे, हे वाईट. त्याचबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की हिंदी सिनेमाने ख्रिस्ती माणसाच्या हातात कायमची बाटली दिली आणि आपणही आपल्या लग्नाकार्यांत ती फारशी खाली ठेवली नाही. म्हणून या विषयावर बोलताना दुसऱ्यांना शिकवण्याचा सूर आपल्याला शोभणार नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. परवाना म्हणजे नेमके काय?

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, की महाराष्ट्रात दारू मुळात मोकळी आहे आणि सरकारने तिच्यावर काही बंधने घातली आहेत. कायद्याचे म्हणणे अगदी उलटे आहे. आपल्याकडे जो कायदा चालतो तो १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. पुढे त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, 'दारूबंदी' मात्र तशीच राहिली. या कायद्यात दारू बनवणे, बाळगणे, नेणे, विकणे आणि पिणे या सगळ्याला आधी मनाई आहे. मग ज्याला जेवढी सूट द्यायची तेवढी परवान्याने दिली जाते. वेदीवरच्या द्राक्षारसासाठीसुद्धा या कायद्यात धार्मिक विधीकरिता म्हणून वेगळे कलम घालावे लागले. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असे लिहिलेले आपण वाचतो. परवाना ज्याच्याजवळ आहे त्यानेच बसून प्यावयाची खोली, असा त्याचा मूळ अर्थ. पाटी राहिली, अर्थ विसरला गेला.

थोडा इतिहास पाहू. इंग्रजांच्या राज्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. त्याने ताडी-माडी आणि मोहाची दारू सरकारी करात बांधली. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावरही निर्बंध आले. आपला श्रीवर्धन तालुका तेव्हा जंजिरा संस्थानात होता आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर मुंबई राज्यात आला. इंग्रजांच्या कायद्यांचा मुख्य डोळा महसुलावर होता. स्वातंत्र्यानंतर दृष्टी बदलली. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात, औषधापुरता अपवाद ठेवून, मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आले. मुंबई राज्याने १९५० मध्ये पूर्ण दारूबंदी लागू केली. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या वस्तूंबाबतचा भाग रद्द केला आणि बाकीचा बहुतेक कायदा टिकवला. १९६० च्या दशकात बंदी सैल होत गेली व परवान्यांचे युग सुरू झाले. कायदा बंदीचाच राहिला आणि त्याच्या आत दुकाने उभी राहिली.

पिणाऱ्यालाही परवाना लागतो, हे किती जणांना ठाऊक आहे? बिअरसारख्या सौम्य पेयासाठी वय २१ आणि इतर मद्यासाठी २५ पूर्ण असावे लागते. एका दिवसाचा परवाना देशी दारूसाठी २ रुपयांचा आणि विदेशी मद्यासाठी ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा, आयुष्यभराचा १००० रुपयांचा, असे दर अनेक वर्षे चालत आले. हा परवाना प्रत्यक्षात किती जण जवळ बाळगतात, ते ज्याने त्याने आपल्याच खिशात पाहावे. जो नियम कोणी पाळत नाही आणि कोणी विचारत नाही, तो निरुपद्रवी नसतो. कायदा म्हणजे डोळे मिचकावून पुढे जाण्याची गोष्ट, हा धडा तो मुलांना देतो. तोच धडा मग हेल्मेटला, करपावतीला आणि मतदानालाही लागू होतो.

एवढे पाहिल्यावर कोणी म्हणेल, "फादर, मग हा परवान्यांचा खटाटोप हवाच कशाला? एक तर पूर्ण बंद करा, नाही तर पूर्ण मोकळे सोडा." येथे आपल्याला दोन विचारवंतांची मदत होईल.

पहिले आपले संत थॉमस अक्वायनस. तेराव्या शतकात त्यांनी 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात हाच प्रश्न घेतला: मनुष्याच्या कायद्याने सगळे दुर्गुण बंद करावेत का? त्यांचे उत्तर नकारार्थी आहे. कायदा सगळ्या लोकांसाठी असतो आणि सगळे लोक सद्गुणांत पक्के झालेले नसतात. म्हणून दुसऱ्यांना इजा करणारी मोठी दुष्कृत्ये कायद्याने रोखावीत. झेपणार नाही एवढे ओझे दुर्बळ माणसावर एकदम टाकले, तर तो ते फेकून देतो आणि आधीपेक्षा वाईट मार्गाला लागतो. यासाठी संत थॉमस शुभवर्तमानातील नव्या द्राक्षारसाचा आणि जुन्या बुधल्यांचा दाखला देतात. जुन्या बुधल्यात नवा रस भरला तर बुधला फुटतो आणि रसही सांडतो. तेव्हा कायद्याने एखादी गोष्ट चालू दिली म्हणजे ती चांगली ठरवली, असे होत नाही. चालू देणे वेगळे आणि मान्यता देणे वेगळे.

दुसरे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. ते आपल्या धर्माचे नव्हेत, पण त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे आहे. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात त्यांनी दारूबंदीला विरोध केला. प्रौढ माणसाला सरकारने लहान मुलासारखे वागवू नये, असे त्यांचे मत. परंतु त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. दारूच्या नशेत एकदा मारहाण केलेल्या माणसावर कायद्याने खास बंधन घालावे. आणि विक्रेत्याचा फायदा लोकांच्या अतिरेकात असतो, हे खरोखर वाईट आहे, म्हणून विक्रेत्यावर निर्बंध घालण्याचा हक्क राज्याला आहे. परवाना कशासाठी, याचे इतके नेमके उत्तर आम्हाला दुसरीकडे आढळले नाही. दुसऱ्याच्या तोल जाण्यावर ज्याची कमाई चालते, त्याच्यावर कोणाची तरी नजर हवी, म्हणून परवाना.

या नजरेची गरज किती आहे हे जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात दिसले. मिथेनॉल मिसळलेली हातभट्टीची दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे गेली. बहुतेक रोजंदारीवर जगणारी होती. परवान्याच्या दुकानातील बाटलीत निदान विष नाही, याची हमी सरकार घेते. ही हमी लहान समजू नये.

आता परवान्याची मर्यादा पाहू. परवाना मुख्यतः तीन गोष्टी विचारतो: कोण विकणार, कोठे विकणार आणि सरकारला किती देणार. शाळा व प्रार्थनास्थळांपासून ठरावीक अंतर, दुकानाच्या वेळा, २ ऑक्टोबरसारखे कोरडे दिवस, निवडणुकीआधीचे ४८ तास, सगळे नियम घड्याळाने आणि मोजपट्टीने तपासता येतील असे आहेत. कायद्याला दुसरे साधन नाही, पण मोजपट्टीला चकवताही येते. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला. मार्च २०१७ मध्ये, २० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केले. त्यानंतर काही ठिकाणी रस्त्यांचाच दर्जा कागदावर बदलून त्यांचे 'महामार्ग' हे नाव काढले गेले. केरळातील एका बारने दारापुढे नागमोडी वाट बांधून चालण्याचे अंतर वाढवल्याची बातमी वृत्तपत्रांत आली होती. पुढे न्यायालयानेही नियम आणखी शिथिल केले. नागमोडी वाट चालून गेलेला माणूस तीच बाटली पितो आणि त्याच रस्त्यावर गाडी चालवतो. नियम पाळला गेला, पण ज्याच्यासाठी नियम होता तो माणूस वाचला नाही.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि येथे मिल यांचे म्हणणे आपल्याला अडचणीत आणते. विक्रेत्याचा फायदा लोकांच्या अतिरेकात असतो म्हणून राज्याने त्याच्यावर नजर ठेवावी, हे ठीक. पण राज्याचाच फायदा त्यात असेल तर? जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क, कारखान्याने जाहीर केलेल्या निर्मिती खर्चाच्या ३ पटींवरून ४.५ पट करण्याचा निर्णय घेतला. अशा उपायांतून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील, असे सांगण्यात आले. दारू महाग झाली तर काही जण कमी पितील, हे खरे. त्या पैशातून रस्ते, दवाखाने आणि योजना चालतात, हेही खरे. परंतु ज्याचा हात गल्ल्यात आहे त्याला ग्राहक कमी व्हावेत असे मनापासून वाटणे कठीण असते. कोणा एका पक्षाला किंवा मंत्र्याला आम्ही दोष देत नाही. सगळ्या रंगांची सरकारे याच गल्ल्यावर बसली आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा द्राक्षबागायतदारांचे हित हे कारण पुढे केले गेले. विरोध झाल्यावर तो निर्णय तसाच अडकून राहिला. नाशिकच्या शेतकऱ्याचे हित खोटे नाही. पण ४७ वे कलम एका हातात आणि वसुलीचे उद्दिष्ट दुसऱ्या हातात, अशा अवस्थेतील राज्याकडून आपल्या सदसद्विवेकाचे काम होईल, अशी अपेक्षा आपण ठेवू नये.

मग सगळे बंदच करावे काय? आपल्या राज्यात याचाही अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या चळवळीनंतर १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली, आणि मे २०२१ मध्ये सरकारने ती उठवण्याचा निर्णय घेतला. अवैध विक्री व गुन्हे वाढले, असे कारण दिले गेले. ज्या महिला रस्त्यावर उतरल्या होत्या त्यांचे दुःख खरे होते. बंदीनंतर दारू चोरवाटांनी येत राहिली, हेही नाकारता येत नाही. संत थॉमस ज्या बुधल्याविषयी बोलतात तो येथे आठवतो. नुसत्या बंदीने बुधला बदलत नाही. त्यासाठी पिणाऱ्याजवळ बसणारी माणसे लागतात, उपचार लागतो, घरच्यांना धीर देणारे शेजारी लागतात.

एवढ्या विवेचनानंतर मूळ प्रश्नाकडे येऊ. "परवाना आहे, मग चुकले काय?" सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्रात 'सहकार्य' नावाचा एक धडा शिकवीत. दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या वाइटात आपला वाटा कसा मोजावा, हा तो धडा. त्यात प्रथम हेतू पाहतात. दुसऱ्याचे वाईट व्हावे हीच इच्छा असेल तर वाटा पूर्ण. तशी इच्छा नसेल, पण आपण साधन पुरवले असेल, तर तीन गोष्टी विचारायच्या. आपले काम त्या वाइटाच्या किती जवळ आहे? परिणाम आपल्याला दिसत होता का? आणि आपल्याजवळ दुसरा मार्ग होता का?

नाशिकला द्राक्षे पिकवणारा शेतकरी फार लांब आहे. ट्रकचा चालक त्याहून जवळ. दुकानातील नोकर आणखी जवळ, पण त्याचेही घर त्या पगारावर चालते. दुकानाचा मालक मात्र रोज संध्याकाळी तोच माणूस येताना पाहतो. आज होडीवरून मिळालेला वाटा तो येथेच संपवणार आणि घरी भात शिजणार नाही, हे मालकाला ठाऊक असते. परवान्याच्या अर्जात यासाठी रकाना नाही. सरकार तो प्रश्न विचारत नाही, म्हणून तो मालकाला विचारला जाणार नाही असे मात्र नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. सुपारीचे झाड लावले की फळासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. मधल्या काळात अनेक घरांना पाहुण्यांच्या खोल्यांनीच तारले. या धंद्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पाहुण्याला मोदक आणि सोलकढी वाढणारे हात कष्टाचे आहेत. पण पाहुणा रात्री हळूच विचारतो, "बाटलीची सोय होईल का?" नाही म्हटले तर तो शेजारच्या घरी जाईल, ही भीती असते. मग मुलगा मोटरसायकल काढतो, बाटली आणतो, वर चक्कर मारल्याचे शंभर रुपये लावतो. कायद्याच्या भाषेत ही विनापरवाना विक्री आहे. पैसे घेऊन घरात पिण्यासाठी जागा आणि ग्लास पुरवणे, हाही याच कायद्याखाली गुन्हा आहे. घरातल्या मुलाचे वय एकवीसहून कमी असेल तर त्याच्या हातात बाटली असणेच कायद्याला मान्य नाही.

पण कायदा बाजूला ठेवून वरचे तीन प्रश्न विचारा. आपले काम किती जवळ? अगदी हाताच्या अंतरावर. परिणाम दिसतो का? ज्या पाहुण्याने मध्यरात्री तिसरी बाटली मागितली तो सकाळी ओहोटी-भरती न विचारता समुद्रात उतरणार, किंवा दुपारी बायको-मुलांना गाडीत बसवून घाटाची वळणे घेणार, हे आपल्याला दिसते. कोकणच्या किनाऱ्यावर नशेत पाण्यात उतरलेल्यांची प्रेते ओढून काढणारे बहुधा आपलेच कोळी बांधव असतात. दुसरा मार्ग आहे का? आहे. "आमच्याकडे दारूची सोय नाही" असे खोली देतानाच सांगता येते. कुटुंब घेऊन येणाऱ्या पुष्कळांना असेच घर हवे असते. गावातील दहा घरांनी मिळून तसे ठरवले, तर पाहुणा शेजारी जाईल ही भीतीही उरत नाही. एकट्याला जे अवघड वाटते ते वाडीने केले तर सोपे होते.

आणि ज्याच्या कपाटात आजन्म परवाना आहे त्यानेही एक प्रश्न विचारावा. संत पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाविषयी लिहिले, तेव्हा ते खाण्याचा हक्क आहे की नाही एवढ्यावर तो थांबला नाही. माझ्या हक्काने माझा दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर मी तो हक्क बाजूला ठेवीन, अशी त्याची भूमिका होती. लग्नाच्या मांडवात एक दिवसाचा परवाना काढून काउंटर लावणे बेकायदा नाही. पण त्याच मांडवात गेले सहा महिने दारू सोडून राहिलेला आपला चुलतभाऊ बसलेला असतो, आणि त्याचा हात थरथरत असतो.

शेवटी मतदानाविषयी. महाराष्ट्रात गावाला व प्रभागाला परवान्याचे दुकान मतदानाने बंद करण्याचा अधिकार आहे. २००८ च्या आदेशाने त्याची रीत ठरली. गावातील एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्के जणांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रे. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळाली तर दुकान बंद. सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात महिलांनी अशाच मतदानांतून दुकाने बंद करून घेतली. "दुकानदाराने तर सगळे नियम पाळले, मग त्याच्यावर अन्याय नाही का?" असे कोणी विचारील. सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे, की दारूचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही. परवाना ही समाजाने दिलेली सवलत आहे, आणि दिलेली सवलत समाज परत मागू शकतो.

या नियमातील एका गोष्टीने आम्हाला बराच विचार करायला लावला. हे 'निम्मे' मोजतात ते मतदानाला आलेल्यांचे नव्हे, तर यादीत नाव असलेल्यांचे. समजा, एका गावात १००० महिला मतदार आहेत. मतदानाला ६०० आल्या आणि त्यांतल्या ४८० जणींनी बाटली आडवी केली. शंभरात ऐंशी जणींनी दुकान नको म्हटले, तरी दुकान चालू राहील. ज्या ४०० जणी घरी राहिल्या त्या सगळ्यांची गणना उभ्या बाटलीच्या बाजूने झाली. कोणी भीतीने आली नाही, कोणाला नवऱ्याने अडवले, कोणी मुंबईला मुलाकडे होती, आणि कोणी म्हणाली, "आमच्या घरात कोणी पीत नाही, आमचा काय संबंध?" हिशेबात सगळ्या सारख्याच.

हा नियम अवघड वाटतो, कदाचित थोडा अन्यायाचाही. पण त्यात एक खरी गोष्ट आहे. आपण समजतो, की बोललो नाही तर आपण मधे उभे आहोत. प्रत्यक्षात आपल्या न बोलण्याचे वजन जे चालू आहे त्याच्याच पारड्यात पडते. शुभवर्तमानातील दाखल्यात याजक आणि लेवी यांनी रस्त्यावर पडलेल्या माणसाला मारले नव्हते. ते दुसऱ्या बाजूने निघून गेले, एवढेच. त्यांच्याजवळ जाण्याचा परवाना होता, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, सरकारने परवाना द्यावा की देऊ नये, किती द्यावेत, अंतर किती असावे, यावर प्रामाणिक माणसांत मतभेद असू शकतात. आपल्या गावात कधी असे मतदान आले तर कोणत्या चित्रावर शिक्का मारावा, हे आम्ही वेदीवरून सांगणार नाही. ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचे काम आहे. पण घरी बसू नका, एवढे निश्चित सांगू. पुरुषांनी आपल्या घरच्या बाईला मोकळेपणाने जाऊ द्यावे आणि परत आल्यावर "कोणाला दिलेस?" असे विचारू नये. ज्या घरात दारूमुळे अश्रू आहेत, त्या घराला लाज वाटणार नाही अशा रीतीने भेट द्यावी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या गटांत दारू सोडू पाहणारी माणसे एकमेकांना धरून उभी राहतात. तेथे जायचे असेल त्याच्याबरोबर आम्ही स्वतः येऊ. पाहुण्यांच्या खोल्या असणाऱ्या कुटुंबांनी येत्या आठवड्यात आपसात बसून बोलावे. बोलावले तर आम्हीही तेथे असू.

परवाना भिंतीवर चौकटीत लावतात. त्याची मुदत संपते आणि दर वर्षी पैसे भरून तो नवा करून मिळतो. शेजाऱ्याची जबाबदारी मात्र कोणत्याही कार्यालयात भरून येत नाही, आणि तिला मुदतही नाही.